बॉस्टनमध्ये फोक आणि अमेरिकानाचे नवे गायक-गीतकार कसे शोधावेत?

नोकरीसाठी नुकतेच बॉस्टनला आला आहात, फोक आणि अमेरिकाना (फोक, कंट्री, ब्लूज यांच्या मिश्रणातून आलेलं अमेरिकी संगीत) मनापासून आवडतं, पण स्पॉटिफाय फिरून फिरून तीच नावं ऐकवतं; नवे गायक आणि त्यांचे छोट्या जागेतले कार्यक्रम कुठे सापडतील, असा तुमचा प्रश्न आहे. या संगीतासाठी अमेरिकेत जी मोजकी शहरं खरोखर चांगली, त्यात बॉस्टन येतं. मी बरीच वर्षं याच भागात राहते आणि विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्याचं नावच कधी कानावर पडलेलं नाही त्याला शोधणार कसं, ही यातली खरी अडचण. मला लागू पडलेला उपाय म्हणजे आधी गाण्याची जागा निवडायची. एखाद्या ठिकाणचे कार्यक्रम ठरवणाऱ्याचा कान तयार असेल, तर कोणाचंही नाव लागलेलं असो, बेलाशक तिकीट काढावं. इथे अशी जागा म्हणजे बॉस्टनला लागूनच असलेल्या केंब्रिजमधला क्लब पॅसिम. मेट्रोच्या रेड लाइनने हार्वर्ड स्टेशनला उतरलात की पामर स्ट्रीट अगदी जवळ. तळघरातली छोटीशी खोली, शंभर-सव्वाशे माणसांत भरून जाते. १९५८ मध्ये माउंट ऑबर्न स्ट्रीटवर ‘क्लब ४७’ म्हणून ती सुरू झाली, तीही जॅझसाठी. मग पुढे फोकमधली मोठी गायिका झालेली जोन बाएझ विशीच्या आत असतानाच तिथे गाऊ लागली आणि जागेचा सूरच बदलला. १९६३ मध्ये क्लब आताच्या पत्त्यावर आला, १९६८ मध्ये बंद पडला आणि पुढच्याच वर्षी ‘पॅसिम’ नावाने तिथे नवी सुरुवात झाली. आता ती ना-नफा संस्था आहे.

पॅसिमला जाल तेव्हा वेळेआधी पोहोचा आणि सुरुवातीला गाणाऱ्याला नक्की ऐका. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात त्याच्याआधी अर्धा-पाऊण तास दुसरं कोणीतरी गातं. पुष्कळ लोक हा भाग सोडून निवांत जेवून येतात. पण मुख्य गायक अनेकदा आपल्या पसंतीचा माणूस बरोबर आणतो, म्हणजे ती एका जाणकाराने केलेली शिफारसच असते. माझ्या आवडीच्या निम्म्याहून जास्त गायकांना मी असंच पहिल्यांदा ऐकलं. एक मुलगी आठवते, मेन राज्यातल्या कागद गिरणीच्या गावातली. दोन गाण्यांच्या मध्ये गिटारच्या तारांचा सूर उतरवता उतरवता ती गिरणी बंद झाल्याचं सांगत होती, हातातलं काम न थांबवता. मग जे गाणं म्हटलं त्यात जवळजवळ फक्त पाळ्यांच्या वेळा होत्या. सकाळची सात, दुपारची तीन, रात्रीची अकरा. शेवटच्या कडव्यात तिने अकराची पाळी गाळली आणि तेवढ्या मात्रा गिटार नुसती वाजत राहिली. मोठ्या सभागृहात ती गाळलेली ओळ किती जणांच्या लक्षात आली असती, मला शंका आहे. तिथे मात्र माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई एकदम हुंकारल्या.

मंगळवारी पॅसिममध्ये ओपन माइक असतो (तारखा आधी पाहून जा). एकेक जण येतो, एखाद-दुसरं गाणं म्हणतो. काही कच्चे असतात, काही चकित करतात. बर्कली संगीत महाविद्यालय याच शहरात असल्यामुळे तयारीचे वादकही भरपूर दिसतात, पण तयारी आणि गाणं यांतला फरक कळायला ओपन माइकसारखी शाळा नाही. १९९८ पासून पॅसिम ‘कॅम्पफायर’ नावाचा महोत्सवही भरवत आला आहे. त्यात तीन-चार गायक एकत्र बसतात आणि पाळीपाळीने आपापलं गाणं म्हणतात. एका दुपारी इतके अनोळखी आवाज दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाहीत.

अशी गोलात बसून गाण्याची पद्धत नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेने १९८५ पासून गाजवली. कॅफे १९८२ चा, जेमतेम ९० खुर्च्यांचा, दुकानांच्या एका साध्या रांगेत आहे. गाणं चालू असताना बोललात तर गप्प बसवतात, आणि ते योग्यच आहे. नॅशव्हिलला जाणं झालं तर तिकीट आधीच मिळवून ठेवा.

बॉस्टनच्या आसपास चर्चमधली कॉफीहाउसेसही आहेत, म्हणजे चर्चच्या जागेत होणारे गाण्याचे छोटे कार्यक्रम. मार्बलहेडच्या युनिटेरियन चर्चमधलं ‘मी अँड दी’ १९७० पासून स्वयंसेवक चालवतात. न्यूयॉर्क राज्यात साराटोगा स्प्रिंग्जला कॅफे लेना आहे, १९६० चं. बॉब डिलन नवखा असताना १९६१ मध्ये तिथे गायला होता. तिथले बरेच कार्यक्रम इंटरनेटवर थेट दाखवतात, तेव्हा हिमवर्षावात घरबसल्या ऐकायला सोय आहे. गाडी चालवताना डब्ल्यूयूएमबी, ९१.९ एफएम लावून ठेवा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या बॉस्टन शाखेचं हे रेडिओ केंद्र फोकसाठीच ओळखलं जातं.

घरबसल्या शोधायचंच तर बँडकॅम्प हे गायकांकडून थेट संगीत विकत घेण्याचं संकेतस्थळ सर्वांत उपयोगी. एखादा अल्बम आवडला की तो विकत घेतलेल्यांची चित्रं पानावरच दिसतात. त्यांतल्या एकावर टिचकी मारा, त्याने आणखी काय काय घेतलंय ते उघडतं. तिथे आवडनिवड खऱ्याखुऱ्या माणसाची असते, शिवाय पैसे मोजून जपलेली. टेक्सासच्या केरव्हिल फोक फेस्टिव्हलची ‘न्यू फोक’ स्पर्धाही लक्षात ठेवा. महोत्सव १९७२ पासूनचा आहे. नॅन्सी ग्रिफिथ, लाइल लव्हेट हे नामवंत गायक-गीतकार त्याच वाटेने आले, आणि २००३ च्या विजेत्यांत अनाइस मिचेल होती, जिच्या ‘हेडीसटाउन’ या संगीतनाटकाला पुढे २०१९ मध्ये टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. दरवर्षी अंतिम फेरीतली नावं जाहीर होतात. ती एकेक करून ऐकणं हा माझा ठरलेला उद्योग आहे. अमेरिकाना म्युझिक असोसिएशनचा नवोदितांचा पुरस्कार तेवढा कामाचा नाही. २०१८ मध्ये तो गायक टायलर चिल्डर्सला मिळाला, तोवर त्याची तिकिटं मिळेनाशी झाली होती.

एनपीआर या अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओचे टायनी डेस्क, म्हणजे कचेरीतल्या टेबलामागे होणारे छोटे कार्यक्रम, तुम्ही पाहत असालच. ती कल्पना निघाली २००८ मध्ये, एका बारमध्ये गायिका लॉरा गिब्सनचं गाणं गर्दीच्या गोंगाटात ऐकूच आलं नाही म्हणून. त्यांच्या खुल्या स्पर्धेसाठी लोक आपले व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात. आपल्या भागातले तेवढे निवडून पाहा. २०२२ ची विजेती अलिसा अमाडोर इथलीच.

आणि हाउस कॉन्सर्ट. आपल्याकडच्या घरगुती बैठकीला गेला असाल तर तिथे अजिबात परकं वाटणार नाही. कोणाच्या तरी दिवाणखान्यात तीस-चाळीस माणसं, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या, जिन्यावर बसलेली मुलं, आणि बहुधा माइक नाहीच. ठरावीक तिकीट नसतं, सुचवलेली देणगी असते आणि ती सगळी गायकाला जाते. पत्ता जाहीर करत नाहीत, येणार म्हणून कळवल्यावर मिळतो. म्हणून कार्यक्रमानंतर सीडीच्या टेबलापाशी ईमेल लिहायची वही ठेवलेली असते तिच्यात आपला पत्ता लिहाच. पुढची आमंत्रणं तिथूनच येतात. त्याच टेबलावर एखादी सीडी किंवा रेकॉर्ड घ्या, ऐकायला यंत्र नसलं तरी. स्ट्रीमिंगमधून या लोकांच्या हाती नगण्य पैसे येतात, दौऱ्याचं पेट्रोल या टेबलावर निघतं.

इथे रुळलात की स्वतःच्या घरीही असा कार्यक्रम करता येईल. दौऱ्यावरच्या गायकांचे सोमवार-मंगळवार बहुतेक रिकामे असतात आणि वाटेत मुक्कामाला जागा हवीच असते. वीस माणसं जमवायची हमी, रात्रीचं जेवण आणि झोपायला एक खोली एवढं देऊ शकत असाल, तर त्यांच्या संकेतस्थळावरून सरळ ईमेल करा. दोन-तीन महिने आधी विचारलंत तर बरं, आणि घरमालकाची परवानगी तेवढी आधी घ्या.