वहीतले चमचे

काका माझ्याकडे पहिल्यांदा आले ते वही घेऊनच. पट्टीने आखलेले रकाने : वेळ, पदार्थ, किती. 'सकाळी ८ : अर्धी वाटी. ११ : दोन चमचे. १ : नको. ४ : नको.' पानाच्या तळाशी लाल शाईत रोजचं वजन. सहा महिन्यांत काकू ५८ किलोवरून ५२ वर आल्या होत्या. कॅन्सरवर केमो चालू होती.

"ती खातच नाही हो. खाल्लं नाही तर ताकद कुठून येणार? मीच कुठे कमी पडतोय का?"

जोडीदाराचं आजारपण काढणाऱ्या माणसांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की त्यामागे अजून काहीतरी असतं हे आता ठाऊक झालंय. काकांचं ते होतं कचऱ्याच्या डब्यात. आदल्या दिवशी त्यात कागदी रुमालात गुंडाळलेले घास सापडले. वहीत मात्र 'पूर्ण वाटी' लिहिलेलं. काका तिच्यावर ओरडले आणि मग रात्रभर जागे राहिले.

"तुम्ही काय जेवलात काल?" मी विचारलं. त्यांना आठवेना.

पुढच्या वेळी मी काकूंशी एकटीशी बोलले. "पाण्यालासुद्धा लोखंडाची चव येते. दोन घासांत पोट तुडुंब. आणि हे समोर बसून तोंडाकडे बघत राहतात. नको म्हटलं की यांचा चेहरा उतरतो, तो बघवत नाही. म्हणून लपवलं."

म्हणजे त्या काकांना फसवत नव्हत्या, सांभाळत होत्या. हे त्यांनी स्वतःच काकांना सांगितलं, मी फक्त शेजारी बसले होते.

काकांना मी एवढंच समजावलं, की ही भूक हट्टाने गेलेली नाही. केमोने चव बदलते, तोंड येतं, मळमळतं, बद्धकोष्ठता होते. शिवाय कॅन्सर स्वतःही भूक मारतो. शरीरात दाह वाढतो, स्नायू झिजतात, आणि मग कोंबून भरवलं तरी वजन चढेलच असं नाही. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर डॉक्टर ते गांभीर्याने घेतात. काकूंचं १० टक्क्यांच्या वर गेलं होतं. आणि ती नेटकी वही काकांनी डॉक्टरांना एकदाही दाखवली नव्हती! ती फक्त काकूंसमोर उघडायची.

वही डॉक्टरांकडे गेली. तोंडात बुरशीचा संसर्ग निघाला, त्यावर औषध मिळालं. उलटीच्या गोळीची वेळ बदलली, आहारतज्ज्ञांची गाठ पडली. गिळताना ठसका लागला किंवा पाणीही पोटात ठरेना, तर लगेच फोन करायचा हेही ठरलं. (फोनवरून 'हे देऊन बघा, ते देऊन बघा' सांगणाऱ्या नातेवाइकांबाबत माझा संयम कमी आहे. काकांना मी ते फोन मुलाकडे द्यायला सांगितलं.)

घरातले बदल तसे किरकोळच. स्टीलचा चमचा जाऊन लाकडी आला. गरम वाफेचा वास नको म्हणून अन्न निवल्यावर. जेवताना पाणी घोटभरच, बाकीचं मधल्या वेळात. थोडं थोडं, पण सकाळी जास्त, कारण काकूंना सकाळीच खाववतं, हे वहीतच दिसत होतं. आणि विचारायचं एकदाच. हे शेवटचं काकांना सर्वांत जड गेलं. "मग मी करू काय?" ते खरोखर हवालदिल झाले. काकू म्हणाल्या, "पायांना क्रीम लावून द्या. कातडी फार कोरडी पडलीय."

एकदा दाराशी थांबून काकांनी विचारलं, "आणि पुढे कधी तिने खाणंच सोडलं तर?" उत्तर मी टाळलं नाही. आजार अगदी शेवटाकडे गेला तर शरीरच मागायचं थांबतं. तेव्हाचं न खाणं आजारातूनच येतं, ते कुणाच्या हयगयीमुळे नसतं. तेव्हा ओठ ओले करणं, तोंड स्वच्छ ठेवणं, जवळ बसणं हीच शुश्रूषा. आता तशी वेळ आलेली नाही, हेही सांगितलं. ते बराच वेळ चपलेत पाय सरकवत उभे होते.

महिन्याने वजन ५२ च्या आसपासच होतं. वही काकूंनी आणली होती. नव्या पानावर त्यांचं अक्षर, रकाने वाकडेतिकडे : 'हे. दुपारी १ : अर्धं ताट, उभ्यानेच. रात्री ९ : दोन घास, नको म्हणाले.'