सीमेवरच्या वाडीतले पणजोबा शोधायचेत? आधी त्या वाडीचा जुना जिल्हा शोधा

तुम्ही विचारलंय की पणजोबा निलंगा भागात अगदी कर्नाटकाच्या शिवेला लागून एका वाडीत राहायचे, आज ती वाडी नकाशावर दिसत नाही, आडनाव टाकून शोधलं तरी काही मिळत नाही, मग सुरुवात कुठून करू. मी त्याच पट्ट्यातला आहे आणि आमच्या घराण्यासाठी हेच सगळं करून बसलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्याकडे वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला होता, त्यावर जन्मस्थळाला जिल्हा बिदर लिहिलेलं. आम्ही सगळे म्हणायचो की मास्तरांची चूक झाली असेल, आपण तर लातूरचे. आणि त्या एका समजुतीपायी माझी दोन वर्षं लातूर आणि धाराशिवच्या चकरा मारण्यात गेली. मास्तर बरोबर होते! निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तिन्ही तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, राज्य हैदराबाद. त्या दिवशी ते मुंबई राज्यात आले ते उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि लातूर जिल्हा तर १९८२ साली झाला. म्हणजे माणूस जागचा हलला नाही पण त्याचा जिल्हा दोनदा बदलला. देवणी, शिरूर अनंतपाळ हे तालुकेही नंतर पडलेत, जुन्या कागदावर ती नावं तालुका म्हणून शोधू नका.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं की पणजोबांना बाजूला ठेवा आणि आधी एका कागदावर त्या वाडीचा इतिहास मांडा, कोणत्या साली कुणाचं राज्य, कोणता जिल्हा, कोणता तालुका, दप्तर कोणत्या भाषेत. हे एकदा बसलं की कुठल्या ऑफिसात जायचं ते आपोआप कळतं. त्यात अजून एक भानगड म्हणजे निजामाची काही गावं मुंबई इलाख्याच्या मधोमध होती आणि इलाख्याची काही निजामाच्या हद्दीत, त्यांची अदलाबदल १९५० साली झाली. तुमचे पाहुणे सोलापूर जिल्ह्याच्या बाजूला असतील तर हे नक्की तपासा.

वाडी नकाशावर का नाही? कारण महसुलात वाडी, तांडा, वस्ती यांना बऱ्याचदा स्वतःचं दप्तर नसतं, ती एखाद्या मोठ्या मौजेत, म्हणजे महसुली गावात, मोडते. सातबारा, फेरफार सगळं त्या मौजेच्या नावाने. आणि गाव पूर्ण उठून गेलं असेल तर त्याला बेचिराख गाव म्हणतात, तिथे एकही घर नसतं पण शेतजमिनीचं रेकॉर्ड त्याच जुन्या नावाने चालू असतं, तलाठ्याला हा शब्द वापरून विचारा, लगेच कळतं त्याला. जनगणनेच्या जिल्हा हँडबुकात गावांच्या याद्या असतात, जुनी हँडबुकं ऑनलाइन फुकट बघता येतात. १९५१ ची बघताना बिदरची उघडायची, १९६१ ची उस्मानाबादची. बुद्रुक, खुर्द नीट बघा, त्यात फार लोक फसतात.

आता मुख्य कागद. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक म्हणजे सोनं आहे, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नक्कल मागायची, त्यात जमीन कोणाच्या नावावर, कसतं कोण हे कळतं. तिथून फेरफार धरून मागे पुढे सरकायचं, वारस लागले की मुलांची नावं सापडतात. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना चौदा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. शाळेचं दाखल खारीज रजिस्टर पण बघा, आणि फक्त आपल्या गावचं नाही, कारण तेव्हा चार गावांत मिळून एक शाळा असायची आणि ती आज शिवेच्या पलीकडे असू शकते.

आडनाव टाकून काही मिळत नाही याचं कारण साधं आहे, जुन्या नोंदीत आडनाव बहुतेक नसतंच. निजामाच्या कागदात अमुक वल्द तमुक, इलाख्याच्या मोडी कागदात अमुक बिन तमुक, बाईचं नाव असलं तर पुढे कोम आणि नवऱ्याचं नाव. त्यामुळे शोधताना बाप-लेकाची जोडी धरायची. निजामाचं दप्तर उर्दूत आणि साल फसली, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, एखादं वर्ष इकडेतिकडे. म्हणजे १३४० फसली हे साधारण १९३०-३१. मी पहिल्यांदा १३४० वाचून हा कागद शिवाजी महाराजांच्याही आधीचा समजलो होतो. वाचून घ्यायला उर्दू आणि मोडी दोन्हीचा जाणकार लागतो. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना बऱ्याच जिल्ह्यांनी जुने स्कॅन आपल्या वेबसाइटवर टाकलेत, तुमची जात कोणतीही असो, गावाचं नाव टाकून एकदा चाळा, शेजारपाजारची नावं तरी मिळतात.

आणि कागदाच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडे बसा. पुरुष शेत सांगतात, बायका सोयरीक सांगतात. आमच्या आत्याला पणजोबांचं नाव येत नव्हतं पण पणजीचं माहेर पाठ होतं, ते भालकी तालुक्यात म्हणजे आज कर्नाटकात, आणि तिथल्या भावकीतल्या एका घरात आमच्या तीन पिढ्यांची नावं तोंडपाठ निघाली. १९५६ च्या आधी ही एकाच जिल्ह्यातली गावं, लग्नं अशीच व्हायची, तेव्हा मध्ये रेषा नव्हतीच. तुमच्याकडे हेळवी यायचे का हेही विचारा, या भागात काही घराण्यांची वंशावळ ते पिढ्यानपिढ्या सांभाळतात. कुणी पंढरपूर किंवा त्र्यंबकेश्वरला विधी केले असतील तर तिथल्या उपाध्यांच्या वह्यांतही नावं असतात, पण त्यांना गावाचं जुनं नाव सांगावं लागतं.

मला एका ऑफिसात सरळ सांगितलं होतं की एवढं जुनं रेकॉर्ड नाहीच. तीन महिन्यांनी गावाचं नाव, जुना तालुका आणि फसली साल घालून लेखी अर्ज दिला तर त्याच ऑफिसातून नक्कल मिळाली. तोंडी विचारून परत येऊ नका, अर्जाची पोच घ्या.

पणजीचं माहेर कुठलं ते आधी विचारून इथेच लिहा, गाव कळलं की ते १९५६ आधी कुठे मोडायचं ते मी बघून सांगतो.