विकर आणि विकार: एका कान्याचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचे सासरे, म्हणजे मामाजी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेतात. ताई त्यांना एक मराठी लेख वाचून दाखवत होत्या. त्यात वाक्य होतं, 'पेशीतील ऊर्जेच्या चयापचयाचे नियमन करणारी विकरे ही उपचारांची संभाव्य लक्ष्ये आहेत.' मामाजींनी तिथंच थांबवलं. "म्हंजे मले शुगरच्या संग आखीन एक बिमारी हाये काय?" ताई विचारतात: विकर हा शब्द विकारातूनच आला का? आणि विकर म्हणावं की सरळ एन्झाइम?

ताई, मामाजींना जे ऐकू आलं त्याला आधार आहे. दोन्ही शब्द 'वि' उपसर्ग आणि 'कृ' धातू यांचेच. विकार म्हणजे मुळात बदल, रूपांतर. पाणिनीचं 'तस्य विकारः' हे सूत्र याच अर्थाचं: एखाद्या वस्तूचं रूप बदलून झालेली दुसरी वस्तू. जुन्या शास्त्रचर्चेत याचं नेहमीचं उदाहरण दूध आणि दही. दही हा दुधाचा विकार. त्यात रोगाचा वासही नाही. पुढं शरीराची मूळ स्थिती बिघडली की तोही विकार म्हटला गेला, आणि मराठीत हाच अर्थ वर राहिला: हृदयविकार, मनोविकार, पोटाचे विकार. विकर म्हणजे असा बदल घडवून आणणारा पदार्थ.

व्याकरणात दोघं वेगळे आहेत. ते विकर, ती विकरे. तो विकार, ते विकार. पण प्रत्यय लागला की घोटाळा होतो. 'विकरांवर काम करणारे औषध' आणि 'विकारांवर काम करणारे औषध', दोन्ही वाक्यं अर्थपूर्ण. मोठ्यानं वाचताना तर काना ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

याच पदार्थाला मराठीत वितंचक असाही शब्द आहे. तो मागं पडला, पण मला तो फार आवडतो. त्यातला 'तंच' म्हणजे संस्कृतातला तञ्च्, घट्ट होणं, गोठणं. संस्कृतात दूध लावायला जे घालतात त्याला आतंचन म्हणतात. म्हणजे आपलं विरजण. आपल्या वऱ्हाडीत इरजन, जसं विहिरीचं इहीर होतं तसं. आणि गंमत पाहा, १८७७ साली विल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञानं एन्झाइम हा शब्द घडवला तो ग्रीकमधून, 'खमिरात असलेलं' या अर्थानं. तिकडं पावाचं खमीर, इकडं दह्याचं विरजण.

माझी आई संध्याकाळी गंजातल्या, म्हणजे पातेल्यातल्या, दुधात करंगळी बुडवून पाहते. सोसेल इतकं कोमट असलं की वाटीतलं चमचाभर इरजन फेटून सोडते. थंडीत गंज चुलीच्या उबेला, वरून गोणपाट. दूध कढत असताना घाई केली तर सकाळी दही नसतं. विकरांचंही असंच: थोडी मात्रा पुरते, ठरावीक ऊब लागते, फार तापलं की ती निकामी होतात. फरक एवढाच की विरजणात जिवंत जंतू असतात, ते वाढतात. विकर जिवंत नसतं, बहुतेक विकरे प्रथिनं असतात. जंतूंच्या पोटातली विकरेच दुधातल्या साखरेचं आम्ल करतात.

आता चयापचय. चय म्हणजे जमवणं, संचय शब्दातला तोच. अपचय म्हणजे मोडणं, झिजणं. पेशी अखंड या दोन्ही गोष्टी करते, आणि कधी काय करायचं याचा हिशोब काही विकरांकडे असतो. एएमपीके हे त्यातलं मोठं नाव. पेशीतलं एटीपी, म्हणजे हातखर्चाची ऊर्जा, कमी पडली की ते जागं होतं. चरबी बांधण्याचं काम थांबवतं, चरबी जाळायला लावतं. कोठीतलं धान्य तळाला लागलं की घरातली मोठी बाई पाहुणचार आवरता घेते, तसं. मेटफॉर्मिनच्या गोळीमुळं हे विकर जागं होतं, आणि यकृताचं रक्तात साखर सोडणं कमी होतं. त्या गोळीचं सगळं काम एवढ्या एकाच वाटेनं होत नाही, पण ही वाट त्यात आहे. म्हणजे लेखातलं ते वाक्य मामाजींच्या गोळीच्या डबीबद्दलच होतं.

'लक्ष्य' या शब्दावरही थोडं अडतं. लक्ष्य म्हटलं की नेम धरून मारणं डोळ्यांसमोर येतं. औषधात तसं नेहमी नसतं. रक्ताच्या एका कर्करोगात आयडीएच-१ हे बिघडलेलं विकर रोखायला आयव्होसिडेनिब देतात. तिथं आवर घालणंच हवं. उलट तांबड्या पेशींतलं पायरुवेट कायनेज जन्मतः अधू असलं तर त्या लवकर फुटतात, कारण त्यांना ऊर्जेसाठी साखर मोडण्याची ही एकच वाट असते. तिथं मिटापिव्हॅट नावाचं औषध त्या विकराला जोर देतं. अमेरिकेत त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. सिकलसेल या तांबड्या पेशींच्याच जन्मजात आजाराच्या रुग्णांवरही त्याच्या चाचण्या झाल्या आहेत, आणि गडचिरोली-गोंदियाकडं सिकलसेल म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून मी अशा ठिकाणी 'ज्या विकरावर औषध काम करते' असं लिहितो. लक्ष्य टाळतो.

तर विकर की एन्झाइम? शाळेच्या पुस्तकात विकर आहे, मुलांना तो ठाऊक आहे. तो सोडू नये. पण आजाराबद्दलच्या लेखात पहिल्यांदा 'एन्झाइम म्हणजे विकर' असं लिहावं, आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं असेल तर एन्झाइमच म्हणावं. रिपोर्टमध्ये नावाच्या शेवटी 'एज' दिसलं, अमायलेज, लायपेज, तर ते बहुधा विकराचं नाव असतं, रोगाचं नाही.

मामाजींना सांगा, "बिमारी नाही जी मामाजी, आंगातलं इरजन हाये थे. तुमची गोयी त्यालेच जागं करते."