तुझा नंबर किती जणांनी सेव्ह केलाय?

बाय,

तुझा मेसेज वाचला होता, उत्तराला उशीर झाला कारण हाताखाली एक कार्यक्रम होता आणि तो संपेपर्यंत डोकं रिकामं नव्हतं. तू लिहिलंस की पीआरची, म्हणजे जनसंपर्काची नोकरी, लिंक्डइनवर हजारावर कनेक्शन्स आहेत तरी परवाच्या पत्रकार परिषदेला तीनच पत्रकार आले, बॉस म्हणतो नेटवर्किंग वाढव, आणि तू म्हणतेस की ते म्हणजे नक्की काय करायचं तेच कळत नाही, कार्यक्रमात गेलं की हातात चहाचा कप धरून कोपऱ्यात उभी राहते.

आधी एक साधी गोष्ट बघ. तू प्रेस नोट व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवतेस ना? एका लिस्टमध्ये २५६ जण घालता येतात, पण मेसेज पोचतो फक्त ज्यांच्या फोनमध्ये तुझा नंबर सेव्ह आहे त्यांनाच. बाकीच्यांना जातच नाही, आणि तुला वाटतं सगळीकडे गेलं. आता ती लिस्ट उघड आणि मेसेज इन्फोमध्ये जाऊन किती जणांना खरंच पोचलाय ते बघ. तू किती जणांचे नंबर जमवलेस त्याला काडीचा अर्थ नाही, तुझा किती जणांनी ठेवलाय ते महत्त्वाचं. आणि माणूस नंबर ठेवतो कधी? तू कधीतरी त्याच्या कामाला आलीस तर, किंवा पुढे येशील असं त्याला वाटलं तर. बाकी मी खाली जे काय लिहिणार ते सगळं ह्याच्याच भोवती आहे, तेव्हा कंटाळा आला तर इथे थांबलीस तरी चालेल.

कामाला येणं म्हणजे काही मोठं नाही गो. रात्री पेपरच्या डेस्कवर बसलेल्या उपसंपादकाचा विचार कर. त्याच्याकडे मुंबईच्या एजन्सीकडून मराठी प्रेस नोट येते आणि त्यात केप्याचं ‘क्वेपेम’ आणि डिचोलीचं ‘बिचोलिम’ झालेलं असतं, कारण कुणीतरी इंग्रजीवरून अंदाजाने देवनागरी केलेली असते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधाच टाकलेला असतो, त्यामुळे तो दाबला जाऊन छपाईत फुटतो. फोटोत सात जण आणि नावं पाच. उभे डावीकडून की उजवीकडून ते देवाला माहीत. अशा वेळी तुझी नोट आली, गावांची नावं बरोबर, आडनावं त्या त्या माणसाला विचारून घेतलेली, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला, खाली ‘डावीकडून’ करून सगळी नावं, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणारा, आणि पहिल्याच परिच्छेदात काय, कुठे, कधी, तर तो माणूस तुला न भेटताही तुझा नंबर ठेवतो. मी अशा लोकांना वर्षानुवर्षं फोनवरच ओळखते, समोर आले तर ओळखणार नाही कदाचित. आणि इंग्रजी, मराठी, कोंकणी तिन्ही नोटा वेगवेगळ्या लिही, एकाच नोटेचं तीनदा भाषांतर करू नकोस, प्रत्येक पेपरचा वाचक वेगळा आहे आणि त्याला त्यातली वेगळीच गोष्ट हवी असते.

वेळेचं पण बघ. संध्याकाळी सातनंतर पेपरची पानं लागायला, म्हणजे जुळवायला लागतात, तेव्हा ‘सर, आमची नोट मिळाली का’ म्हणून फोन करणारीचं नाव लोक लक्षात ठेवतात, पण वेगळ्या कारणाने. पर्वरीला विधानसभा चालू असताना पणजीत पत्रकार परिषद ठेवू नकोस, इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत तर अजिबात नको. २००४ पासून इफ्फी गोव्यात होतोय, नोव्हेंबरात सगळे तिकडे असतात हे आता पोरासोरांनाही माहीत आहे, तरी दरवर्षी कुणीतरी नेमकी त्याच आठवड्यात हॉटेलात परिषद ठेवतो आणि मग पत्रकारांच्या नावाने बोटं मोडतो. तुझ्या त्या परवाच्या परिषदेचा वार बघ आधी, त्या दिवशी अजून काय काय होतं ते बघ, म्हणजे तीनच का आले त्याचं अर्धं उत्तर मिळेल.

आणि हो, पणजीतल्या पत्रकारांपुरतं थांबू नकोस. काणकोण, सत्तरी, पेडणे इथले तालुक्याचे बातमीदार विसरले जातात. त्यातले काही शिक्षक असतात, काहींचं दुकान असतं, बातमीदारी त्याच्या जोडीने. त्यांना कुणी एजन्सीवाला आपणहून फोन करत नाही. तू कर, आणि पहिला फोन काही काम नसताना कर. त्यांच्या भागातली कुठली बातमी वाचलीस आणि आवडली तर तेवढंच सांग नि ठेवून दे. काम काढूनच फोन करणारी माणसं चटकन ओळखू येतात. उलट कुणा बातमीदाराने तुला असा विषय विचारला ज्यात तुझा क्लायंट कुठेच नाही, तर ‘ते आमचं नाही’ म्हणून फोन ठेवू नकोस, कुणाकडे मिळेल ते शोधून दे. पुढच्या वेळी तुझ्या क्लायंटविरुद्ध काही हाती आलं तर छापायच्या आधी तुला फोन येईल. बातमी थांबव म्हणून सांगायचं नाही, कधीच नाही, ते एकदा केलंस की संपलं. पण आपली बाजू पान लागायच्या आधी देता येणं हेच आपल्या धंद्यातलं खरं भांडवल आहे. चवथीला मिठाईचा बॉक्स ठीक, पैशाचं पाकीट नको, आणि बॉसने हातात दिलं तरी नको.

आता तुला जे कुणी सांगणार नाही ते सांगते. पीआर शिकायचं तर ग्रामसभेला जा. तुझ्या स्वतःच्या गावच्या, तू तिथली मतदार आहेस, कुणी अडवणार नाही. रविवारी सकाळी असते बहुतेक, वर्षातून चार तरी होतात. पंचायतीच्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बस आणि वही उघड. एखाद्या मोठ्या प्रकल्पाचा विषय निघाला की लोक काय विचारतात ते लिहून काढ. पाणी कुठून आणणार, कचरा कुठे टाकणार, शेतातली वाट बंद होणार का, आमच्या पोरांना नोकरी देणार की बाहेरून माणसं आणणार. सरपंच घामाघूम होतो, कुणीतरी इतिवृत्त वाचून दाखवा म्हणून हटून बसतो, मागच्या बैठकीतलं वाक्य शब्दाशब्दाने काढतो. नंतर कंपनीचं ब्रोशर काढून ठेवून बघ, ह्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं, बहुतेक वेळा एक झाड आणि एक हसणारं मूल असतं. हे दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघितलंस की प्रेस नोट कशी लिहायची ते आपोआप कळेल.

२०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हाचं तुला आठवत नसेल, लहान होतीस. डिचोली-सांग्याकडे ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, टायरवाले, ड्रायव्हरना जेवण घालणारी खानावळ, सगळ्यांचं पोट त्यावर होतं आणि पुढे काय हा प्रश्न घरोघरी होता. अशा वेळी ज्या पीआरवाल्याच्या फोनमध्ये फक्त संपादकांचे नंबर आहेत तो काय डोंबल करणार? म्हणून म्हणते, ज्यांच्यावर तुझ्या क्लायंटच्या कामाचा परिणाम होतो त्यांच्यातली चार माणसं तरी तुझ्या ओळखीची हवीत. पंच, महिला गटातल्या बायका, हॉटेलच्या गेटवरचा सिक्युरिटी. कुठे काय शिजतंय ते गेटवरच्या माणसाला जनरल मॅनेजरच्या आधी कळतं, आणि तो तुला सांगतो जर तू रोज त्याला नावाने हाक मारत असशील तर.

संस्थांबद्दल विचारलंस. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून आहे, २१ एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिन असतो, त्या सुमारास कार्यक्रम होतात, जा. पीआरसीएआय ही एजन्सीवाल्यांची संघटना वेगळी. इकडे पणजीत गोवा चेंबर ऑफ कॉमर्स आहे, १९०८ ची संस्था, पोर्तुगीज काळातली, तिथे उद्योगवाले एकाच छताखाली भेटतात. पण नुसती जाऊन बसू नकोस, तुझं परत चहाच्या कपासारखं होईल. आयोजकांना आधीच फोन करून नोंदणीच्या टेबलावर बसायला माग. येणारा प्रत्येक माणूस तुझ्यासमोर थांबतो, नाव सांगतो, तू बॅज देतेस. बोलायला विषय शोधावा लागत नाही आणि लाजाळू माणसाला ह्याहून चांगली जागा नाही. मी अजूनही मागते.

ओळखीतली पण फार जवळची नसलेली माणसं सोडू नकोस, कॉलेजातली, जुन्या ऑफिसातली. मार्क ग्रॅनोव्हेटर म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहे, त्याने १९७३ मध्येच मांडलं की नोकरीची खबर जवळच्या मित्रांपेक्षा अशा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. गोव्यात तर काय, आपण सगळे एकमेकांचे कुणीतरी लागतोच. त्याचा दुसरा अर्थ असा की एका क्लायंटबद्दल म्हापशात बोललेलं संध्याकाळपर्यंत मडगावात पोचतं, तेव्हा तोंड सांभाळ.

शेवटचं, बॉसच्या त्या कात्रणांच्या फाइलबद्दल. बातमीचे कॉलम-सेंटीमीटर मोजायचे, जाहिरातीच्या दराने गुणायचे आणि ‘एवढ्या लाखांची प्रसिद्धी’ म्हणून सांगायचं, हे २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांमध्येच (जनसंपर्काचं काम कसं मोजायचं त्याची ती तत्त्वं) निकालात काढलंय, जाहिरातीच्या दरावरून जनसंपर्काची किंमत कळत नाही असं त्यात सरळ लिहिलंय. लगेच भांडू नकोस. फाइल दे, सोबत एक पान जोड, बातमी आल्यावर किती चौकशा आल्या, कुठल्या तालुक्यातून आल्या, लोकांनी काय विचारलं. रिसेप्शनवरच्या मुलीला सांगून ठेव, ती लिहून ठेवेल. दोन-तीन महिन्यांनी बॉस ते पान आधी उघडतो की नाही बघ.

पुढच्या आठवड्यात मी पणजीत आहे, भेटू. येताना ब्रॉडकास्ट लिस्टमधला तो पोचलेल्यांचा आकडा घेऊन ये, आणि ग्रामसभा कधी आहे ते पंचायतीच्या नोटीस बोर्डावर बघून ये.

तुझी ताई