जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकावी का?

तुमचा लॅपटॉप २०१६चा, सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. सुरू होऊन हाताशी यायला चार-पाच मिनिटं लागतात, तर एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क) टाकावी की लॅपटॉपच बदलावा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते एसएसडी टाका, पण सोबत रॅमही ८ जीबी करा. मात्र पैसे घालण्याआधी तो नक्की कुठे अडतोय ते बघा, नाहीतर दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत व्हायची.

डेस्कटॉप दिसला की टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक करा. डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली, सरासरी रिस्पॉन्स टाइम शेकडो मिलिसेकंद आणि सीपीयू (प्रोसेसर) मात्र १५-२० टक्क्यांवर निवांत, असं दिसलं तर हार्ड डिस्कच अडवतेय. सीपीयूच सतत ९०च्या पुढे असेल तर एसएसडीने फारसा फरक पडणार नाही. मेमरीही, म्हणजे रॅम, ९० टक्क्यांच्या वर असेल (४ जीबीत ब्राउझरचे सात-आठ टॅब उघडले की ती जातेच), तर विंडोज रॅममध्ये न मावलेला माल सारखा डिस्कवर टाकतं आणि परत उचलतं. एसएसडी असली की हे कमी जाणवतं, पण थांबत नाही. म्हणून रॅमचा आग्रह धरतोय. त्याच टॅबमध्ये मेमरीखाली किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. या पिढीत काही लॅपटॉपना डीडीआर३एल प्रकारची रॅम लागते, काहींना डीडीआर४. आधी नीट बघून घ्या, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

एवढा फरक का पडतो, ते सांगतो. ५४०० आरपीएमच्या (मिनिटाला ५४०० फेरे) डिस्कची तबकडी एक फेरा ११ मिलिसेकंदांत घेते. हवा तो भाग हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, आणि हेड योग्य जागी सरकायला आणखी दहा-बारा. म्हणजे विखुरलेल्या छोट्या फायली सेकंदाला जेमतेम साठेक वेळा वाचून होतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्याने ती तेवढ्याच वेळात हजारोंनी वाचते. म्हणूनच एसएसडीच्या खोक्यावरच्या ५५० एमबी प्रतिसेकंद या आकड्यामागे धावू नका. तुमच्याहूनही जुन्या, साटा २ पोर्टच्या (साटा म्हणजे डिस्क जोडायची पद्धत) लॅपटॉपवर तो वेग निम्म्यावर येतो, तरी रोजच्या कामात फरक लगेच जाणवतो.

आता सध्याच्या डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा आणि ०५, सी५, सी६ या तीन ओळींची रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) बघा; त्या डिस्कचे खराब सेक्टर, म्हणजे छोटे भाग, मोजतात. तिन्ही शून्य असतील तर उत्तम. सी५ शून्याहून जास्त म्हणजे काही सेक्टर वाचता येईनासे झालेत. अशा वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी महत्त्वाच्या फायली बाहेर काढा. मरणाऱ्या डिस्कचं क्लोनिंग (जशीच्या तशी नक्कल) करायला गेलात तर तास न् तास वाचून तीच आणखी खचते.

घेताना २.५ इंची साटा एसएसडी घ्या. ती ७ मिमी जाड असते. जुनी डिस्क ९.५ मिमीची असेल तर काही एसएसडींसोबत मिळणारी प्लास्टिकची चौकट लावा, नाहीतर ती आत हलते. एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची जागा) दिसला म्हणून लगेच एनव्हीएमई (साटाहून वेगवान प्रकारची एसएसडी) घेऊ नका. या काळातले बरेच स्लॉट फक्त साटाचे असतात, त्यात एनव्हीएमई ओळखलीच जात नाही. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. क्षमता ५०० जीबी पुरते. आयुष्याची भीती बाळगू नका: सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबीला ३०० टीबी लेखनाची हमी आहे, रोज २० जीबी लिहिलं तरी चाळीस वर्षं. पण एसएसडी जाते तेव्हा बहुधा खरखर-कुरकुर न करता जाते, त्यामुळे बॅकअप सुटत नाही.

क्लोनिंगपेक्षा मी नवीन इन्स्टॉलेशन सुचवेन. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, इंटरनेट लागलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. क्लोनच करायचं असेल तर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) आधी बंद करा, १ टीबीवरचा डेटा ५०० जीबीत बसतो का बघा आणि पहिल्यांदा सुरू करताना फक्त नवी एसएसडी जोडलेली ठेवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय असावा, पण चालू विंडोजवर तो तसाच बदलला तर निळा स्क्रीन येतो.

खोलताना चार्जर काढा, आतल्या बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि मगच पुढे जा. स्क्रू कागदावर मूळ जागेप्रमाणे मांडा. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर कीबोर्डच्या बाजूचं प्लास्टिक फुगतं. डिस्क साटा कनेक्टरमधून सरळ रेषेत मागे ओढायची, वर उचलायची नाही. पट्टीसारखी केबल असेल तर तिला घडी पडू देऊ नका. बसवल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोत ट्रान्सफर मोडसमोर दोन आकडे दिसतील: डावा सध्याचा, उजवा ड्राइव्हला जमणारा. तुमच्या लॅपटॉपवर दोन्हीकडे साटा/६०० यायला हवं. डावीकडे ३०० दिसलं, मधेच सगळं दोन-चार सेकंद गोठतंय आणि सी७ची (केबलवरून जाताना झालेल्या चुका मोजणाऱ्या ओळीची) रॉ व्हॅल्यू वाढतेय, तर केबल सैल किंवा खराब आहे. एसएसडी परत करायच्या आधी केबल बदला.

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि सहाव्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. विंडोज ११ असल्याशिवाय चालणारच नाही असं काम असेल, तर मात्र हे पैसे नव्या लॅपटॉपसाठी ठेवा. ब्राउझर, कागदपत्रं आणि व्हिडिओ एवढंच असेल तर एसएसडी आणि ८ जीबीवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) छान चालतं. काढलेली हार्ड डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. महिनाभर तशीच ठेवा, राहून गेलेली एखादी फाइल त्या काळात आठवतेच. मग यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा, अर्थात सी५ शून्य असेल तरच.