हिरड्यांतून रक्त येतं ते व्हायरसमुळे का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, वय ४६, मानेवाड्याला राहतो. काही महिन्यांपासून ब्रश करताना रक्त येतं आणि खालचे समोरचे दोन दात हलतात. डेंटिस्ट म्हणाले पायरिया आहे, सफाई करून घ्या. पण मी वाचलं की पायरिया हर्पिस व्हायरसमुळे पण होतो, आणि मला तापानंतर ओठावर फोड येतातच. मग सफाई काऊन करायची, व्हायरसचीच गोळी घेतली तर? खर्रा खातो, रोज दोन पुड्या. – एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, तुम्ही वाचलं ते खोटं नाही, पण म्हणून सफाई टाळू नका. १९९० च्या दशकात अमेरिकेत योर्गन स्लॉट्स आणि अडोल्फो कॉन्ट्रेरास यांनी पायरियाच्या पेशंटचे हिरडीच्या खाचेतले (दात आणि हिरडीच्या मधल्या फटीतले) नमुने पीसीआरने तपासले, त्यात हर्पिसच्या कुळातले व्हायरस सापडले, म्हणजे ओठावर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स, शिवाय एपस्टाईन-बार आणि सायटोमेगॅलो. पुढे बऱ्याच अभ्यासांत दिसलं की खाच खोल झालीय, हाड झिजतंय तिथे हे जास्त असतात आणि निरोगी हिरडीत कमी.

हे व्हायरस एकदा अंगात शिरले की जन्मभर राहतात, एरवी गप्प पडून असतात. एपस्टाईन-बार राहतो रक्तातल्या बी-पेशींमध्ये (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी), आणि हिरडी सुजली की याच पेशी तिथे जमतात, म्हणजे व्हायरस आपोआपच तिथे पोचतो. मग ताण, मोठं आजारपण, प्रतिकारशक्ती कमी होणं असं काही झालं की तो जागा होतो, पेशींचं जंतूंशी लढण्याचं काम बिघडवतो आणि पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या पायरियाच्या जंतूंचं फावतं, असं स्लॉट्स यांचं म्हणणं. गंमत म्हणजे उलटंही होतं, हा जंतू ब्युटिरिक ॲसिड सोडतो आणि त्याने एपस्टाईन-बार जागा होतो हे प्रयोगशाळेत दिसलंय. म्हणून आधी व्हायरस की आधी सूज, हा वाद अजून मिटलेला नाही.

आता बघा, एपस्टाईन-बार जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांत असतो. नुसत्या त्याच्याने दात हलत असते तर सगळ्यांचेच हलले असते ना. त्यामुळे पायरियासाठी व्हायरसची गोळी हा काही ठरलेला उपचार नाही, मनाने तर बिलकुल घेऊ नका. कीट निघाली, हिरडीखालची मुळं साफ झाली की सूज उतरते आणि काही अभ्यासांत तर त्यानंतर खाचेतले व्हायरसही कमी झालेले दिसलेत. म्हणजे तुम्हाला व्हायरसचीच काळजी असेल तरी करायची सफाईच. सफाईने दात सैल होतात हे मनातून काढून टाका, ते हाड झिजल्याने हलतायत. मेडिकल चौकात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे, खाच किती मिलिमीटर खोल ते मोजून घ्या, ३ पर्यंत ठीक, त्यापुढे उपचार लागतो. शुगर पण तपासा, वाढलेल्या शुगरमध्ये हिरडी लवकर भरून येत नाही.

आणि खर्रा बंद करा भाऊ. तंबाखू न् सुपारी दोन्ही हिरडी खातात, आणि कॅन्सरची भीती आहे ती वेगळीच. तोंड पहिल्यापेक्षा कमी उघडत असेल, तिखट झोंबत असेल तर तेही त्याच दिवशी डॉक्टरला सांगा.

प्रश्न : माझी मुलगी दोन वर्षांची आहे, तीन दिवस ताप, हिरड्या लालभडक सुजल्यात, तोंडभर फोड, काहीच खात नाही. हा पण पायरिया का? – एक आई, नागपूर

उत्तर : नाही ताई, वर्णनावरून हा हर्पिस सिम्प्लेक्सचा पहिलाच संसर्ग वाटतो आणि इथे मात्र व्हायरसच थेट कारण असतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत जास्त दिसतो, बहुतेकदा १०-१४ दिवसांत आपोआप बरा होतो. पण आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण व्हायरसचं औषध द्यायचं ठरलं तर त्याचा उपयोग पहिल्या तीन दिवसांत सुरू केलं तरच जास्त होतो. खाणं कमी झालं तर चालेल, पण पाणी कमी होऊन चालणार नाही, आपल्याकडच्या उन्हात तर नाहीच, गार पाणी, ताक, पातळ पेज चमच्या-चमच्याने देत राहा. सहा-आठ तास लघवी झाली नाही की थांबू नका, सरळ दवाखान्यात न्या. ॲस्पिरिन देऊ नका. तिचा ग्लास, टॉवेल वेगळा ठेवा आणि तोंडातली बोटं डोळ्याला लागू देऊ नका.