बुलेट ५०० ला ५३५ सीसीचा बोअर-पिस्टन टाकताना हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) हात लावावा लागतो का?

लावावाच लागतो. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८४ चा ८७ मिमी झाला की हेडमधल्या चेंबरची, म्हणजे पेट्रोल जळतं त्या पोकळीची, कड जुन्याच मापाची राहते, भोवती दीड मिमीचा कट्टा उरतो. तो सगळा काढू नका, फक्त धार मोडा. हेड आणि सिलिंडरमधलं पॅकिंग (गॅस्केट) मात्र ८७ चंच हवं. जुनं टाकलं तर त्याची कड सिलिंडरमध्ये डोकावते, तापून लाल होते आणि इंजिन ठोकायला लागतं.

स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) तोच ९० मिमी, त्यामुळे चेंबर तेवढाच ठेवला तर कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८.५ वरून ९ च्या आसपास जातं. हेड उलटं ठेवून, व्हॉल्व्ह-प्लग बसवून सिरिंजने रॉकेल भरा, किती मिली मावतं ते मोजा, तेच चेंबरचं माप. टर्नर (लेथवाले) ‘जरा लेव्हल करून देतो’ म्हणत हेडचा अर्धा मिमी उडवतात, मग चेंबर लहान होऊन कॉम्प्रेशन आणखी वाढतं; तिथे उभे राहा!